म्हसोबाच्या बांधावरची हरळी

हरळी कुणाच्या रानातून कुणाच्या रानात आली, एवढ्या एका गोष्टीवरून गेनबा आणि कोंडाजी या चुलतभावांचं बोलणं बंद होतं. गेनबा म्हणायचा, कोंडाच्या रानातनं आली. कोंडाजी म्हणायचा, दादाच्या रानातनं आली. गावानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि सोडून दिलं, कारण गावाला आपापल्या रानातली हरळी होतीच. दोघांच्या मधे एक बांध, बांधाच्या मधोमध म्हसोबाचा शेंदूर फासलेला धोंडा, आणि धोंड्याभोवती दाट हिरवी हरळी. तिला कुणी हात लावत नव्हतं. म्हसोबाला लोखंड चालत नाही. मागं एकदा कोंडाजीच्या नांगराचा फाळ धोंड्याला घासला आणि त्याच महिन्यात त्याचा पांढरा बैल पाय खुरडून मेला. तेव्हापासून तर साधं खुरपंसुद्धा कुणी तिकडं नेत नसे.

गेनबाच्या रानाला विहिरीकडची पट्टी म्हणत. एके काळी तिथं कांदा व्हायचा, आणि काय कांदा व्हायचा म्हणून सांगू. चाकणच्या बाजारात त्याच्या गोण्या उतरल्या की अडते आपणहून उठून येत, गोणीत हात घालून कांदा वर काढत, वास घेत. आता त्याच पट्टीत औत घातलं की फाळ हातभर जाऊन अडकायचा, बैल जिभा काढून उभे राहायचे आणि गेनबा कमरेला हात लावून खाली बसायचा. त्याची कंबर कामातनं गेली होती. वरून नुसती हिरवळ दिसे, खाली पांढऱ्या काश्यांचं, म्हणजे हरळीच्या मुळ्यांचं जाळं. कुळवानं तुटली की एका तुकड्याच्या दहा जागा व्हायच्या.

मुरारी, गेनबाचा एकुलता एक पोरगा, देहूरोडच्या डेपोत हमाली करायचा आणि रविवारी सायकल मारत घरी यायचा. चैत्र सरता सरता तो आला, रानात एक चक्कर टाकली आणि चुलीपुढं येऊन बसला.

"आये, ह्या रानात जीव घालवण्यापरीस डेपोत पेट्या उचललेल्या बऱ्या," तो म्हणाला. "गणपतीपत्तर बघतो. तवाबी रान असंच दिसलं तर शकूला घिऊन जानार. तुमीबी चला. खोली मिळती तिथं."

"आन् रान?" भागूबाईनं विचारलं.

"कोंडानानाला दिऊन टाका. बांध मोडून तो कसंल."

भागूबाईचा हात भाकरीवर चाललेला होता, तो चालूच राहिला. पण ती भाकरी एका बाजूनं पातळ झाली आणि तव्यावर फाटली. ती फाटलेली भाकरी तिनं मुरारीच्या ताटात वाढली नाही, आपल्याला ठेवली. सुनेनं, शकूनं, हे पाहिलं आणि मान खाली घातली. देहूरोडला जायला शकूची ना नव्हती, हेही भागूबाईला ठाऊक होतं. पोरगी तरणी, नवरा आठवड्यातनं एकदा दिसणार, तिचं तरी काय चुकलं म्हणा. पण कोंडाजीच्या बैलांनी विहिरीकडची पट्टी नांगरायची, हा विचार मनात आला की भागूबाईला बसवत नव्हतं. ती उठायची, घागर उचलायची, भरलेली असली तर खाली ठेवायची.

त्याच आठवड्यात शेतकी खात्याचे लक्ष्मणराव चावडीवर आले. धोतर, काळी टोपी, पँटीची क्लिप धोतराला लावलेली, कारण सायकलच्या साखळीत धोतर अडकतं. माणूस बरा होता, आवाज न चढवता बोलायचा. हरळी-कुंद्याचं तण समूळ काढायला सरकारनं पैसा मंजूर केलाय, म्हणाले. खणायची मजुरी अर्धी सरकार देणार, अर्धी मालकानं द्यायची. सरकारचा पैसा दोन हप्त्यांत. एक खणून झाल्यावर, दुसरा श्रावणात रान बघून. तोवर रान मोकळं ठेवायचं, बाजरी पेरायची नाही. आणि बांधाच्या दोन्ही अंगांची रानं एकदम घेतली तरच पैसा, एकट्याला नाही.

"कारण एकानं काढली आणि शेजाऱ्यानं ठेवली तर सरकारचा पैसा मातीत," लक्ष्मणराव म्हणाले.

"साहेब, आमच्याच रानात आमी खनलं तर?" गेनबानं विचारलं.

"घरच्या माणसांना मजुरी नाही. मजूर लावायला हवेत."

चावडीत हशा झाला. मजूर आणायचे कुठून? धडधाकट गडी तेवढे डेपोत नाहीतर पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर. गावात उरली होती म्हातारी माणसं, बाया आणि कंबर मोडलेले गेनबासारखे. कोंडाजी दुसऱ्या कोपऱ्यात बसून तपकीर ओढत होता. त्यानं गेनबाकडं पाहिलं नाही, पण उठूनही गेला नाही.

भागूबाई बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर पुढं ओढला आणि आतल्यांना ऐकू जाईल असं बोलली. "साहेब, आमी कोंडाभावजींच्या रानात खनलं आन् त्यांनी आमच्या, तर आमी मजूर झालो का न्हाई?"

 लक्ष्मणरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "म्हणजे सावड करताय तुम्ही."

"सावड तर आमी नांगराची करतोच. ही खनायची."

"झालात मजूर," लक्ष्मणराव म्हणाले. "नियमात बसतं. अर्धी मजुरी तुम्ही एकमेकांना देणार, ती आपसात फिटली. पण नीट खणायचं. दीड हात खोल. दुसऱ्याचं रान म्हणून वरवर खरवडलंत तर मी ओळखीन."

कोंडाजीनं तपकिरीची डबी झाकली. "दादा तयार हायेत का इचारा," तो लक्ष्मणरावांना म्हणाला. गेनबा तिथंच हातभर अंतरावर बसला होता.

"म्हनावं, तयार हाय," गेनबाही लक्ष्मणरावांनाच म्हणाला.

वैशाखातलं खणणं म्हणजे काय ते खणणाऱ्यालाच ठाऊक. जमीन तापून तडे गेलेली. टिकाव मारला की आधी खण्ण वाजायचं, मग पहार घालून ढेकूळ उलथायचं, मग ते ढेकूळ फोडून आतनं काश्या ओढायच्या. तुटू द्यायची नाही. तुटली की तिच्या मागं मागं हात घालायचा, खांद्यापर्यंत. पहिल्याच दिवशी शकूच्या तळहाताला फोड आले. भागूबाईनं चिंधी बांधली आणि म्हणाली, "मूठ ढिली धर. दांडा पिळू नगंस." स्वतःच्या तळहाताला तिनं काही बांधलं नाही.

पहिल्या सकाळी लक्ष्मणराव नावं लिहायला आले. "हे रान कुणाचं?"

"कोंडाजीचं," कोतवालानं सांगितलं.

"आणि मजूर?"

गेनबा म्हणजे वाडवडलांच्या घरचा थोरला, बैलपोळ्याला ज्याच्या बैलांना पहिला मान, तो धाकट्या चुलतभावाच्या रानात मजूर म्हणून उभा. त्यानं टिकावाच्या दांड्यावरची माती अंगठ्यानं पुसली. भागूबाई म्हणाली, "आमीच. गेनबा, भागूबाई, शकू. लिवा." लिहिताना गेनबा दुसरीकडं बघत होता.

बांधापलीकडं कोंडाजी, त्याची बायको सोजराबाई आणि सोजराबाईचा भाऊ अशी तिघं गेनबाच्या पट्टीत खणत होती. आणि मग जे सुरू झालं ते सगळ्या गावानं येता-जाता पाहिलं. हात आपल्या कामाला, आणि मान बांधापलीकडं. भागूबाई कोंडाजीच्या रानात टिकाव मारी आणि बघे, सोजराबाई माझ्या रानात किती खोल जाते. सोजराबाई पहार घाली आणि बघे, थोरल्या बाई माझ्या रानात काय करतात. आपल्या रानात परकं माणूस राबतंय आणि आपण दुसऱ्याच्या रानात, अशी ती कसरत. मान अवघडायची. दुपारी दोघी बांधाच्या दोन बाजूंना बसून भाकरी खात आणि एकमेकींशी न बोलता म्हसोबाशी बोलत.

"देवा, तुला तरी कळतंय का, काल कुनी इतभर खनलं आन् दीड हात म्हनून सांगितलं ते," भागूबाई म्हणे.

"देवा, ज्याच्या मनात काश्या त्याला समदीकडं काश्याच दिसत्यात," सोजराबाई भाकरीचा घास तोंडात ठेवून म्हणे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर भागूबाई आपल्या पट्टीत गेली, पहार घेऊन उकरत बसली. एका जागी तिला बोटभर पांढरी मुळी सापडली. आत तुटून राहिलेली. तिनं ती मुळी उचलली, बांधावर गेली आणि म्हसोबाच्या पुढ्यात ठेवली. सोजराबाईला सकाळी दिसावी म्हणून.

सकाळी सोजराबाईला ती मुळी दिसली.  त्या संध्याकाळी ती आपल्या रानात गेली, आणि दुसऱ्या दिवशी म्हसोबापुढं तीन मुळ्या जास्त होत्या.

मग काय विचारता. रोज संध्याकाळी दोन्ही घरं दुसऱ्यानं खणलेलं आपलं रान पुन्हा उकरून बघायची. एक मुळी मिळाली की वाजतगाजत म्हसोबापुढं. "देवा, बघ," म्हणून. गेनबाची कंबर दुखायची तर तो बसून उकरायचा. कोंडाजी तर ढेकळं चाळणीनं चाळल्यागत हातानं चाळायचा. एकमेकांना खोटं पाडायच्या ईर्षेनं दोन्ही रानं अशी निघाली की पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जाईल. लक्ष्मणराव आले, पहार घालून बघितली, आणि म्हणाले, "असं खणलेलं मी तालुक्यात दुसरीकडं बघितलं नाही." पहिला हप्ता मिळाला. दोन्ही घरांनी ढिगानं काश्या वाळवून रानातच पेटवल्या आणि धूर दोन दिवस गावावर फिरत राहिला.

म्हसोबापुढची मुळ्यांची रास मात्र तशीच राहिली. देवापुढं ठेवलेलं परत उचलायचं कुणी? आणि ज्यानं उचललं तो खोटा ठरला असं दुसरा म्हणणार. अमावास्येला सोजराबाईनं म्हसोबाला तेल आणि पाणी घातलं, मंगळवारी भागूबाईनं घातलं. नेमानं घालत राहिल्या.

पाऊस लागला. गावात बाजऱ्या पेरल्या, उगवल्या, हिरव्या झाल्या. बाजरी नाही म्हणजे वर्षभराची भाकर नाही, हे काय सांगायला हवं. या दोन पट्ट्या मात्र काळ्याशार, उघड्या. येणारा-जाणारा विचारायचा, "काय गेनबा, रान इकलं का काय?" गेनबा म्हणायचा, "न्हाई राव, सरकार बघायला येनार हाय." लोक हसायचे.

भागूबाईला घरात चैन पडेना. पाऊस उघडला की ती पट्टीत. सरी-सरीनं वाकून बघायची, कुठं हिरवं टोक वर आलंय का. एखादं पातं दिसलं की ती धावायची, पण जवळ जाऊन बघावं तर तांदुळजा. ती तो उपटायची आणि भाजीला आणायची. अशी तांदुळजाची भाजी खाऊन घर कंटाळलं. रात्री जेवतानाही ती मधेच उठून दारात जाई. गेनबा म्हणाला, "अगं, रान काय पळून जातंय का?" ती म्हणाली, "रान न्हाई पळत. पोरगं पळतंय." 

आषाढात शकूला दिवस गेल्याचं कळलं. भागूबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि त्याच दुपारी तिच्या मनात आलं, आता मुरारी गणपतीची वाटसुद्धा बघायचा नाही.  त्या दिवशी तिनं सासऱ्याच्या वेळेपासूनचे सगळे देव आठवले.

श्रावणात लक्ष्मणराव आले. पावसानं भिजलेले, सायकल खांद्यावर घेऊन चिखलातनं आले. पट्टीत शिरले, फिरले, वाकले, उठले. भागूबाई मागं मागं, तिच्या मागं गेनबा. पलीकडं कोंडाजी आणि सोजराबाई आपल्या रानात उभी. कोंडाजीच्या रानात ते गेले, फिरले. मग बांधावर चढले आणि म्हसोबापाशी थांबले.

धोंडा दिसत नव्हता. नुसती हिरवी हरळी, आणि तिच्यातनं शेंदराचं टोक. तेलापाण्यावर त्या मुळ्यांच्या राशीनं जीव धरला होता. आणि तिथनं दोन्ही अंगांना, बांधाच्या उतारावरनं, हिरव्या दोऱ्या खाली निघाल्या होत्या. गेनबाच्या पट्टीत वीतभर, कोंडाजीच्या पट्टीतही वीतभर. जमिनीला जागोजागी मुळं धरलेली.

 इतकी वर्षं दोघं भांडले होते की कुणाच्या रानातनं कुणाच्या रानात आली. कोंडाजीनं त्या दोऱ्यांकडं पाहिलं, गेनबाकडं पाहिलं, आणि मान खाली घालून पायानं चिखल सारला.

"हे असं ठेवून मला रान पास करता येणार नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "दसऱ्यापर्यंत दोन्ही रानं पुन्हा भरतील."

"साहेब, तिथं लोखंड लावत न्हाईत," गेनबा म्हणाला.

लक्ष्मणरावांनी चपला काढल्या, धोंड्याला हात जोडले. "मी काही सांगत नाही. मला माझं कामही आहे आणि देवही आहे. परत येईन तेव्हा बघीन." ते सायकल उचलून निघून गेले.

घरी आल्यावर गेनबा म्हणाला, "सोड भागे. पोटूशी सून हाय घरात. कोंडाचा बैल गेला. आपलं काय जाईल सांगता येत न्हाई."  खरं तर भागूबाईही भ्यायली होती, गेनबापेक्षा जास्त भ्यायली होती. शकू खोकली तरी तिचं लक्ष जाई. ती चुलीपुढं बसली, उठली, ओसरीवर आली, परत आत गेली. शकू म्हणाली, "आत्याबाई, बसा की जरा." ती बसली आणि परत उठली.

सकाळी उजाडताच ती बांधावर गेली. हातात काही नव्हतं. विळा नाही, खुरपं नाही. म्हसोबापुढं गुडघे टेकून तिनं हरळीत बोटं घातली आणि ओढली.

"थांबा बाई," पलीकडनं आवाज आला. सोजराबाई उभी होती, हातात नारळ. तीही घरातनं कधी निघाली होती कुणास ठाऊक. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा म्हसोबाशी न बोलता भागूबाईशी बोलली. "आदी इचारायला पायजे देवाला. कौल लावू."

"आन् उजवा न्हाई पडला तर?"

सोजराबाईनं नारळ खाली ठेवला. "तर परत लावू."

भागूबाईला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. तिनं पदरानं नाक पुसलं. सोजराबाईनं दोन फुलं भिजवून धोंड्याच्या दोन खांद्यांना चिकटवली. दोघी बसून राहिल्या. पाखरं ओरडत होती, ओढ्याला पाणी वाजत होतं. बऱ्याच वेळानं डाव्या खांद्याचं फूल पडलं.

"वारं आलं व्हतं," सोजराबाई म्हणाली आणि नवं फूल चिकटवलं.

दुसऱ्यांदा उजवं पडलं. सोजराबाईनं नारळ फोडायला दगड उचलला, पण मारायला हात खाली येईना. बैल तिच्या घरचा मेला होता, भागूबाईला आठवलं. तिनं सोजराबाईच्या मनगटाला हात लावला आणि दोघींनी मिळून नारळ फोडला.

मग दोघी दोन बाजूंनी बसल्या. बोटांनी, बाभळीच्या खुंटीनं, बैलाच्या जुन्या शिंगानं, लाकूड आणि हाड चालतं म्हणून. माती ओली होती हे बरं. वरची हरळी निघाली, पण काश्या धोंड्याखाली जात होत्या. भागूबाईनं हात खाली घातला तर आत भरगच्च.

"खाली हाय समदं," ती म्हणाली. "देव उचलायला लागंल."

सोजराबाई उठली आणि कोंडाजीला बोलवायला गेली. तो आला. त्याच्या मागं गेनबा आला, कमरेला फडकं आवळून. शकूला भागूबाईनं लांबच थांबायला सांगितलं, ओढ्यापलीकडं, पाठ करून. शकू पाठ करून उभी राहिली आणि दर थोड्या वेळानं मान वळवून बघत राहिली.

"दादा, तुमची कंबर," कोंडाजी म्हणाला.

"माझ्या कंबरंचं तुला काय," गेनबा म्हणाला. पण बोलला. कोंडाजीशी बोलला. कोंडाजीनं मान डोलावली आणि धोंड्याची जड बाजू आपल्याकडं घेतली.

चौघांनी हात खाली घातले. धोंडा आधी हलेना. मग चिखलानं चुपक्कन सोडलं आणि म्हसोबा वर आला. आडवा करायचा नाही म्हणून उभाच धरून त्यांनी तो गोणपाटावर ठेवला. खालच्या खड्ड्यात पांढऱ्या काश्यांची गादी होती, आजोबा-पणजोबांच्या वेळची असावी. मातीपेक्षा काश्याच जास्त. भागूबाई आणि सोजराबाई दोघी त्या खड्ड्यात वाकल्या. नखं मुळापासनं उलटली. बोटातनं रक्त यायला लागलं तरी कुणी थांबलं नाही. सूर्य वर आला, अंगावरची लुगडी वाळली आणि घामानं परत भिजली. एक मुळी इतकी लांब गेली की भागूबाईचा दंड आत गेला आणि तिचा गाल मातीला टेकला. पलीकडनं सोजराबाईच्या बोटांनी तीच मुळी धरली होती.

"तुटू दिऊ नगा," भागूबाई म्हणाली.

"न्हाई तुटू देत," सोजराबाई म्हणाली.

खड्डा भरून देव परत बसवताना कोंडाजी म्हणाला, "देव माझ्या अंगाला दोन बोटं सरकलाय का?" गेनबा म्हणाला, "सरकू दे. तोंड तुझ्याकडं कर त्याचं, पाठ माझ्याकडं. मला चालंल." कोंडाजीनं धोंडा उचलून परत जिथल्या तिथं बसवला, तोंड पूर्वीसारखं विहिरीकडं. त्या दिवशी भागूबाईच्या हातानं भाकरी थापवेना. सोजराबाईच्याही नाही. शकूनं दोन्ही घरच्या भाकरी केल्या.

पंधरवडाभर भागूबाईनं शकूला पायरीसुद्धा एकटीनं उतरू दिली नाही. काही झालं नाही. पोरीचं पोट दिसायला लागलं, तिला ताकाचे डोहाळे लागले.

लक्ष्मणराव परत आले नाहीत. त्यांची बदली झाली, असं कोतवाल सांगत आला. नवा माणूस आला तो म्हणाला, या वर्षीचा पैसा दुसऱ्या गावांना गेला, पुढच्या वर्षी बघू. कोंडाजीनं चावडीवर बसून सरकारला पोटभर शिव्या दिल्या. गेनबा शेजारीच बसला होता, तो म्हणाला, "कोंडा, पुरं आता, तपकीर दे."

गणेश चतुर्थीला मुरारी आला. सुट्टी टाकून, सायकलच्या मागं पिशवी बांधून. पिशवीत शकूसाठी नवी चादर होती आणि देहूरोडच्या खोलीची किल्ली. किल्ली त्यानं ओसरीवर खुंटीला अडकवली. भागूबाईनं ती पाहिली. गणपती पाटावर बसला होता, मोदकांचा वास येत होता. तिच्या बोटांची नखं अजून पुरती आली नव्हती, म्हणून मोदकाच्या पाऱ्या शकूनं केल्या होत्या.

"दुर्वा आन रे," ती म्हणाली. इतकंच म्हणाली, आणि चुलीकडं वळली.

लहानपणापासनं दुर्वा आणायचं काम मुरारीचंच. पट्टीत जायचं, दोन मिनिटांत मूठभर खुडायच्या आणि यायचं. हरळी म्हणजेच दुर्वा, आणि त्यांच्या रानात तिला काय तोटा. तो गेला. मोदक उकडून झाले. आरतीची वेळ झाली. गेनबा दारात जाऊन बघून आला. भागूबाई चुलीपुढची उठली नाही. आज पहिल्यांदाच ती जागची हलली नाही.

मुरारी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हात रिकामे.

"आये, एक काडी मिळंना," तो म्हणाला. "दोनी पट्ट्या पालथ्या घातल्या. बांधबी बघितला. म्हसोबापशीबी न्हाई." तो आपल्या रिकाम्या हातांकडं बघत उभा होता. "कोंडानानाकडनं सोजराकाकीबी निघालीय दुर्वा हुडकत. ती म्हनली, वरल्या आळीत जाऊ, दोघं मिळून मागून आनू."

भागूबाईनं पदर तोंडाला लावला. शकूला वाटलं, आत्याबाई रडताहेत. पण ती हसत होती, खांदे हलत होते. मग खरोखरच रडायला लागली.

"जा मंग," ती म्हणाली. "मागून आन. आपल्याला आता समद्या जल्मात मागूनच आनाव्या लागत्याल."

मुरारी वळला. ओसरीवर खुंटीपाशी थांबला, किल्लीकडं बघितलं, तिला हात लावला नाही. "आबा," त्यानं बाहेरनंच विचारलं, "कांद्याचं रोप टाकायला उशीर न्हाई ना झाला?"

"उद्या वाफं करू," गेनबा म्हणाला. मुरारी आळीच्या वाटेनं गेला. कोंडाजीच्या घराकडनं सोजराबाई येत होती, तिच्या हातात पितळेची ताटली होती, रिकामी.